आठही जागा अप्पांच्या

खडकीचं मैदान आखडायला लागलं, त्याच्या आदल्या रविवारी अप्पा बाबर नेहमीसारखे भरल्या ताटावरून उठले होते. क्लबातून फोन आला होता, एक माणूस कमी आहे.

"भात तरी संपवा," त्यांची मुलगी उल्का म्हणाली.

"आलोच," बुटांच्या नाड्या बांधत अप्पा म्हणाले.

रग्बीच्या स्क्रममध्ये आठ गडी एकमेकांना विळखा घालून समोरच्या आठांना रेटतात. त्या आठांत जी जागा रिकामी पडेल, ती अप्पांची. कधी पुढच्या रांगेत मान खुपसून, कधी पार मागून रेटा देत, तीस वर्षं. त्या दिवशी मात्र ते चौघांच्या खांद्यावरून घरी आले.

गेलेल्या गड्याची जागा पुढच्या सामन्यातल्या पहिल्या स्क्रमला रिकामी ठेवायची, ही क्लबची रीत. कप्तान नाईकवडींनी ती पाळली. अप्पा आठही जागांवर खेळलेले, म्हणून आठही जागा रिकाम्या ठेवल्या.

समोरचे आठ जण वाकले, भिडले आणि मागे सरकू लागले.

"अरे, रेटतंय कोण?"

"बाबर! दुसरं कोण? माझे दोन दात पाडलेत ह्यानं, मी नाही ओळखणार?"

चिखलात नुसत्याच बुटांच्या खुणा पुढे उमटत गेल्या. ते आठ जण कुंपणापलीकडे गेले आणि परत आले नाहीत. मग खुणा वळल्या. आता त्या जिकडे रेटत, तिकडून मैदानाच्या कडेची चुन्याची रेघ आत येई.

"उल्के, बाळ, लवकर सांग," मैदानात धावत आलेल्या उल्काला नाईकवडी म्हणाले. "त्यांची खरी जागा कुठली? तेवढी ठेवतो, बाकीच्या सात भरतो. त्याशिवाय हे थांबायचं नाही."

"तुम्ही तीस वर्षं बरोबर खेळलात, काका."

"आम्ही कधी विचारलंच नाही गं. माणूस कमी पडला की फोन करायचो. यायचा."

पुढच्या रेट्याला नाईकवडी रेघेबाहेर गेले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता.

मैदान आता अप्पांच्या स्वयंपाकघराएवढं झालं होतं. मधोमध पाट होता, पाटापुढे ताट. भात वाळून कडक झाला होता आणि त्यात अप्पांनी आमटीसाठी केलेलं आळं तसंच होतं. खुणा ताटाभोवती येऊन थांबल्या. रेघ उल्काच्या टाचांना लागली.

रेघेपलीकडे फोन वाजू लागला.

चिखलात रुतलेल्या सगळ्या टाचा फोनकडे निघाल्यासारख्या एकदम उचलल्या गेल्या.

"अप्पा," उल्का म्हणाली, "घरीसुद्धा एक माणूस कमी होता. रोज."