हातभर अंतर

माझी नोकरी भोकं पाडायची आहे. गोल्फच्या मैदानावर चेंडू ज्या भोकात पडतो, ते रोज एकाच जागी ठेवून चालत नाही. कडा झिजतात, भोवतालचं गवत तुडवलं जातं. म्हणून रोज सकाळी मी जुनं भोक बुजवतो आणि चार पावलांवर नवीन पाडतो. मैदानावर अठरा, सरावाच्या हिरवळीवर एक. आठ वर्षं हे काम करतोय आणि एकूण संख्येत एकाचीही भर घातलेली नाही. आई शेजारणींना सांगते, "तो बागेत असतो."

बाबा स्टील गिटार वाजवतात, अंत्यविधीच्या हॉलमध्ये. मधे शवपेटी, समोर बाकांवर माणसं आणि कोपऱ्यात बाबा. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात. उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हातातला बोटाएवढा पोलादी रॉड तारांवरून सरकवायचा. दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. खाली रेघा असतात, पण त्या रंगवलेल्या. हाताला अडवत नाहीत. रॉड केसभर पुढेमागे झाला की सूर घसरला. वाद्याचा आवाजच असा, की माणूस रडायच्या बेतात असेल तर उरलेलं काम ते करून टाकतं.

"तुमची चूल खड्ड्यांवर पेटते," मामा म्हणायचा.

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. आमच्याच क्लबात गोल्फ शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत, बाबासुद्धा. गोल्फ आणि स्टील गिटार या दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मामाचं ठाम मत होतं आणि ते तो जेवताना मांडायचा. दोन्हीत पकड ओल्या साबणासारखी हवी. आवळली की निसटलं. दोन्हीत डोळा चेंडूच्या किंवा तारेच्या बरोबर वर हवा. तिरकं बघितलं की सगळं जागेवर दिसतं आणि असत नाही. आणि दोन्हीत जोर लावणारा माणूस गाढव असतो.

"फरक एकच," बाबा म्हणायचे. "माझा सूर चुकला तर मी पुढचा वाजवतो. तुमचा चेंडू चुकला की तीस वर्षं जातात."

मग आई भाताचं पातेलं जरा आपटून ठेवायची.

तीस वर्षांपूर्वी मामा एका मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत होता. शेवटचं भोक, चेंडू हातभर अंतरावर. असला चेंडू लहान पोरगंही ढकलेल. मामाने पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी, मागे नेली आणि मनगटाला झटका बसला. चेंडू भोकाच्या कडेने निघून गेला. मैदान चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत कोणीतरी हसलं.

हसणारे बाबा होते. लग्नाला दोन महिने झाले होते.

त्यानंतर पटर हातात घेतली की मामाचं मनगट उडायचं. बाकी कशाला नाही. सही करताना नाही, दाढी करताना नाही. शिष्यांना तो पटिंग छत्रीने दाखवायचा, कारण छत्रीचं मनगटाला काही वाटत नव्हतं. उन्हाळ्यात लांबून बघणाऱ्याला वाटे, हा गृहस्थ पावसाची शक्यता गांभीर्याने घेतो.

गेल्या वर्षी बाबांचा डावा हात थरथरायला लागला. फक्त रॉड हातात असताना. डॉक्टरांनी सुईत दोरा ओवायला लावला. बाबांनी ओवला. पेला काठोकाठ भरून धरायला लावला. बाबांनी धरला, वर पाणी पिऊनही दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "हा हात बाकी सगळं करेल."

"मला बाकी काही करायचं नाहीये," बाबा म्हणाले.

"मग अवघड आहे."

हॉलच्या व्यवस्थापकाला मात्र भरून आलं. थरथरत्या रॉडचा सूर थरथरतो आणि लोकांना वाटतं, वाजवणाऱ्याचा कंठ दाटून आलाय. बाबांचा हात जितका बिघडला तितके बाकांवरचे हुंदके वाढले. "काय दर्द आलाय हो हातात!" व्यवस्थापक म्हणाला. बाबांची तारीख मिळावी म्हणून लोक वाट बघायला तयार झाले, म्हणजे गेलेल्यांच्या वतीने. बाबा घरी येऊन गिटार कपाटामागे ठेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. दिवसभर आपल्या बेसूरपणावर माणसं रडताना बघून यायचं, हे सोपं नसावं.

मग मामा आजारी पडला. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. मामाने ते दाताच्या दवाखान्याची वेळ घेतल्यासारखे लिहून घेतले आणि आमच्या पुढच्या खोलीत राहायला आला. दुसऱ्याच दिवशी चहा घेताना त्याने विषय काढला.

"दाजी, माझ्या कार्यक्रमाला तुम्हीच वाजवायचं."

"कार्यक्रम काय म्हणता, मास्तर!"

"मग काय म्हणू? प्रमुख पाहुणा आहे मी."

"दुसरा कोणी बघा. माझा हात तुम्हाला माहितीये."

"माहितीये म्हणून तर. बाकीचं कसंही वाजवा. शेवटचा एक सूर. आठ मात्रा, सरळ. हलता कामा नये."

"आणि हलला तर?"

"तर हसायची पाळी माझी." मामाने चहा संपवला. "तीस वर्षं थांबलोय."

बाबा म्हणाले, "तुम्ही तर पेटीत असाल."

मामाने माझ्याकडे बघितलं. "हा हसेल माझ्यातर्फे. काय रे भाच्या? मोठ्यानं हसायचं, पोटातून. तुझे बाबा हसले होते तसं."

"तेव्हा मी नव्हतो," मी म्हणालो.

"ते काही अवघड नाही. कोंबडीवर पाय पडल्यासारखं."

"माझ्या घरात असले करार नकोत," आई शेंगा निवडता निवडता म्हणाली. बाबा उठले आणि कपाटामागून गिटार काढून घेऊन आले.

पहिला आठवडा छत्रीच्या उपायात गेला. रॉडऐवजी दुसरं काहीतरी धरायचं, म्हणजे हाताला कळणार नाही. बाबांनी चमच्याच्या दांड्याने वाजवलं, औषधाच्या बाटलीने वाजवलं. टॉर्चच्या सेलने तर कमाल केली. सलग दोन दिवस सूर इस्त्री केल्यासारखा सरळ. आईने टॉर्च शोधायची सोडून दिली. तिसऱ्या दिवशी हाताने सेलला ओळखलं.

दुसऱ्या आठवड्यात मामा म्हणाला, "मैदानावर चला." मी त्याला चाकाच्या खुर्चीतून सरावाच्या हिरवळीवर नेलं, पायांवर घोंगडी टाकली. बाबांच्या हातात त्याने स्वतःची पटर दिली. तीस वर्षांत ती कोणाला दिली नव्हती.

"आधी इथे हात सरळ करा. मग तिकडे बघू."

बाबांनी आयुष्यात गोल्फ खेळला नव्हता. पहिला चेंडू थेट भोकात गेला. दुसराही. हाताला जराही कंप नव्हता. आठवड्याभरात बाबा क्लबातल्या जुन्या सभासदांपेक्षा बरं पट करायला लागले आणि बघायला माणसं थांबू लागली. सेक्रेटरीने विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "अंत्यविधीचे आहेत." त्याने पुढे विचारलं नाही. बाबा घरी आले, गिटार मांडीवर घेतली, आणि हात पानासारखा हलू लागला.

"चुकीच्या खेळात बरा झालो मी, मास्तर," बाबा म्हणाले.

"माझंही तेच झालं होतं. छत्रीत मी अजिंक्य आहे."

चौथ्या आठवड्यात मामाचा आवाज बसला. त्या सकाळी मी जुनं भोक बुजवत होतो आणि ते दोघे माझ्यापासून पाच पावलांवर होते. बाबा पटरवर रेलून उभे होते.

"मास्तर, मी हसलो ते तेव्हा तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"चेंडू थांबल्यावर मैदानात दुसरा आवाजच नव्हता."

"मला हसायचं नव्हतं हो. निघालं."

मामाने घोंगडी गुडघ्यांवर ओढली. "माहितीये. माझाही झटका निघालाच होता."

मी गवताचा गड्डा पायाने दाबत राहिलो, गरज नव्हती तरी.

"एक शेवटचा उपाय आहे," मामा म्हणाला. "चेंडूकडे बघायचंच नाही. भोकाकडे बघायचं. हात काय करतोय ते हाताला करू द्यायचं."

"तुम्ही केलात?"

"हिंमत झाली नाही. पुन्हा चुकलो असतो तर कारण उरलं नसतं."

त्या दिवसापासून बाबा रॉडकडे न बघता वाजवू लागले. गिटार मांडीवर आणि नजर समोरच्या खाटेवर, मामावर. मामा तिथे पडून बोटांनी मात्रा मोजायचा. तीन. मग चार. एकदा सहा झाल्या तेव्हा मामाने सातवं बोट उचललं आणि तसंच धरून ठेवलं. सूर हलला. बोट खाली आलं.

"हसू का?" मामाने विचारलं.

"अजून पेटीत नाही तुम्ही."

"नियमाने खेळतोय मी. ठीक आहे."

डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीला चार दिवस उरले असताना मामा गेला. सकाळी आई त्याचं तोंड पुसायला गेली आणि ओला टॉवेल हातात घेऊन बाहेर आली. म्हणाली, "घाई नेहमीच होती त्याला." मग स्वयंपाकघरात जाऊन तिने तो टॉवेल पिळला, पुन्हा भिजवला, पुन्हा पिळला.

हॉल भरला होता. मामाचे तीस वर्षांतले शिष्य आले होते, काहींच्या हातात छत्र्या होत्या. बाहेर ऊन होतं. मी पहिल्या बाकावर आईशेजारी बसलो. पेटीवर मामाची पटर ठेवली होती. बाबा कोपऱ्यात बसले, गिटार मांडीवर घेतली, रॉड उचलला. तेव्हाच तो हलत होता.

सुरुवातीचं सगळं वाजलं ते नेहमीसारखं. थरथरतं. बाकांवर रुमाल निघाले. मागे कोणीतरी "अगाई गं" म्हणालं. व्यवस्थापक दाराशी हात बांधून समाधानाने उभा होता. मग बाबांनी मान वर केली, रॉडवरची नजर काढली आणि पेटीकडे बघितलं. शेवटची तार छेडली.

एक. मी गुडघ्यावर बोटांनी मोजत होतो. दोन. सूर सरळ होता. इतका सरळ, की हॉलमधले हुंदके थांबले. लोकांना कळेना आता काय करायचं. तीन. चार. आईने माझं मनगट पकडलं. पाच. बाबांचा चेहरा अगदी रिकामा होता, पापणीही लवत नव्हती.

सहाव्या मात्रेला सूर हलला.

आधी जरासा, मग सगळाच. अख्खा हॉल एकदम रडायला लागला. शिष्य रडले, व्यवस्थापकाने चष्मा काढला. सूर विरला तरी बाबांनी रॉड उचलला नाही. ते पेटीकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि थांबले.

तेव्हा मैदानावर बाबांचं हसू निघालं होतं. माझं निघेना. मला ते काढावं लागलं. मी तोंड उघडलं, पोट आवळलं आणि हसलो. मोठ्यानं, कोंबडीवर पाय पडल्यासारखं. एकदा हसून भागेना म्हणून आणखी एकदा. हॉलमधलं रडणं कापल्यासारखं बंद झालं. अडीचशे माणसं माझ्याकडे वळली. आईने माझं मनगट सोडलं नाही.

हॉलच्या दोन माणसांनी मला दोन्ही दंडांना धरून बाहेर नेलं. आई तिथवर मनगट धरून आली, म्हणून तिलाही नेलं.

थोड्या वेळाने बाबा बाहेर आले. गिटारची पेटी उजव्या हातात, डावा हात कोटाच्या खिशात. खिसा हलत होता. आता तर हातात रॉडही नव्हता.

"किती झाल्या?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"मी साडेपाच मोजल्या."

"पाच, बाबा."

ते पायरीवर बसले. "बरोबर हसलास," म्हणाले. "मास्तर जरा जास्त वेळ हसले असते."

व्यवस्थापक मागून धावत आला. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं. "दुःखाने माणसाचं डोकं फिरतं, मी समजू शकतो. पण शेवटचा तो भाग, काय सांगू! मधे जरा कोरडा झाला होता, पण मग काय आणलंत तुम्ही! सोमवारी दोन आहेत."

"सोमवारी नाही," बाबा म्हणाले.

"मग मंगळवारी?"

व्यवस्थापक मंगळवार, बुधवार करत शनिवारपर्यंत पोचला आणि परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरावाच्या हिरवळीवर होतो. जुनं भोक बुजवून झालं होतं, नव्याची जागा बघत होतो. बाबा आले. इतक्या सकाळी ते कधी येत नसत. हातात काही नव्हतं, दोन्ही हात खिशात.

"आज पाडू नकोस," ते म्हणाले.

"का?"

"मास्तरांची हिरवळ आहे. आजचा दिवस इथे कोणाचं काही चुकायला नको."

मी अवजार उचलून गाडीत ठेवलं. दहानंतर सभासद येऊ लागले. पटर घेऊन हिरवळीवर फिरायचे, खाली बघायचे, एकमेकांकडे बघायचे. सेक्रेटरीने विचारलं, भोक कुठंय. मी म्हणालो, दुरुस्तीला गेलंय. तो मान हलवून निघून गेला.

दुपारी मामाचा एक जुना शिष्य आला. छत्री बगलेत. त्याने भोक शोधलं नाही. चेंडू ठेवला, बराच वेळ त्यावर वाकून उभा राहिला आणि ढकलला. चेंडू हिरवळीच्या मधोमध कुठेतरी थांबला.

"कसा होता?" त्याने विचारलं.

"सरळ होता," मी म्हणालो.