निधन विभागातली चाचणी

चार ओळींच्या बातम्या योग्य विभाग लावून वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर टाकायच्या, हे त्याचं बारा वर्षांचं काम. नवी यंत्रणा आली तेव्हा प्रत्येक विभागात एक खोटी बातमी टाकून बघण्याचा हुकूम सुटला. 'निधन' विभागात दुसऱ्या कुणाचं नाव घालणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्याने स्वतःचंच घातलं. फक्त 'चाचणी' या चौकटीत खूण करायची राहिली, आणि बातमी खरोखरच प्रसिद्ध झाली.

पाच मिनिटांनी त्याच्या ते लक्षात आलं. बातमी काढली खरी, पण तेवढ्यात त्याला आई आठवली. तिला गेल्याच महिन्यात हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. रोज दहाच्या चहाबरोबर ती मोबाइलवर हा एकच विभाग वाचायची. आता दहा वाजून चार मिनिटं झाली होती.

फोन नुसताच वाजत राहिला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिने उचलला.

"आई, बरी आहेस ना? ते वाचलंस?"

"वाचलं. छातीत धस्स झालं बघ. नाव तुझं, वय तुझं. मग पुढे 'मनमिळाऊ, शिस्तप्रिय' आलं. म्हटलं, हा दुसराच कुणीतरी."

त्याला खुर्चीत बसल्याबसल्या हसू फुटलं.

"हसतोस काय? तुझी मावशीपण हेच वाचते. आणि तिला तू मनमिळाऊच वाटतोस."

त्याने हसू आवरलं आणि घाईघाईने मावशीचा नंबर लावला.