तीन बोटं पलीकडे

बहारीनमधल्या भारतीय मुलांच्या आयुष्यात समतेचा सूर्य त्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता उगवणार होता. शाळा-समितीच्या निमंत्रणावर तसं छापलंच होतं. पण हॉलची किल्ली जैनुद्दीन वॉचमनकडे होती आणि जैनुद्दीन नाश्त्याला गेला होता. त्यामुळे सूर्य साडेअकराला उगवला.

महादेव मात्र आठपासून दारात उभा होता. एका हातात सहा फुटी नकाशा, दुसऱ्या हातात मुलगी, भक्ती. तो सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये दुकानांचे बोर्ड बनवायचा. नकाशाही त्यानेच बनवला होता.

समितीचा बेत थोर होता. शाळेच्या दोन शाखा: जुनी, मैदानवाली; आणि नवी, गोदामांच्या मागची. जुनीत साहेबांची मुलं, नवीत कामगारांची. तेव्हा हद्द नव्याने आखून सगळ्यांना एका बाकावर बसवायचं ठरलं. रेषा आधी साहेबलोकांच्या अदलिया वस्तीच्या मधोमध सरळ गेली होती. मग ती एका बँकरच्या घराशी वाकली, एका ऑडिटरच्या घराशी लाजली, आणि अध्यक्ष हेमचंद्रसाहेबांच्या बंगल्याला तर तिने अर्धी प्रदक्षिणा घातली. शेवटी नव्या शाखेच्या वाट्याला उरले सलमाबाद आणि अस्कर. गॅरेजवाल्यांची मुलं आणि अॅल्युमिनियमच्या भट्टीवाल्यांची मुलं. मिश्रण झालं.

महादेवची खोली सलमाबादच्या अगदी कडेला. म्हणून आधीच्या हद्दीप्रमाणे आजवर भक्ती जुन्या शाखेत जात होती. घरी ही पोर पोपट, वर्गात दगड. आठ महिने तिने शाळेत तोंड उघडलं नाही. नुसरत टीचरने तिला रोज आपल्या टेबलाशी बसवलं, काही विचारलं नाही, आणि एके दिवशी पोर म्हणाली, "मे आय ड्रिंक वॉटर?" महादेवने त्या दिवशी वर्कशॉपात पेढे वाटले होते. आता टीचर रेषेच्या त्या बाजूला आणि भक्ती ह्या बाजूला. ते कळल्यापासून पोर घराबाहेर पुन्हा मुकी झाली होती.

भक्तीला जुन्या शाखेतच ठेवा म्हणून त्याने समितीला तीन अर्ज दिले. तिन्हींना एकच उत्तर आलं: "नकाशाप्रमाणे होईल."

आता बोर्डवाल्याचा बोर्डावर भारी विश्वास. त्याने पाटी ठोकली की गाळ्याचं हॉटेल होतं, पाटी उतरवली की हॉटेल खलास. हे त्याने बारा वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा गुरुवारी दुपारी नकाशावर हद्दीची लाल पट्टी चिकटवताना त्याने ती सलमाबादपाशी तीन बोटं सरकवली. खोली जुन्या शाखेत आली.

"रेषा काय तुमच्या बापाशीची आसा?" बायको, विशाखा, घाबरून म्हणाली होती.

"त्यांच्या तरी बापाशीची खंय आसा?" महादेव म्हणाला.

हॉलमध्ये नकाशावरचा पडदा सरला, टाळ्या पडल्या. "आजपासून अदलिया नाही, सलमाबाद नाही!" हेमचंद्रसाहेब म्हणाले. त्यांची मुलगी कश्मिरा केकची प्लेट घेऊन भक्तीपाशी आली. "व्हॉट्स युअर नेम?" भक्ती आपल्या बुटांकडे बघत राहिली. कश्मिराने थोडा वेळ वाट पाहिली, मग केक स्वतःच खाल्ला.

महादेव पुढे झाला. "साहेब, नकाशाप्रमाणे आमची बिल्डिंग जुन्या शाखेत येते."

साहेबांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं. "अरे वा! येते की!"

महादेवने भक्तीचा हात घट्ट धरला.

"पण याद्या नकाशावरून थोड्याच केल्यात?" साहेब प्रेमाने म्हणाले. "त्या कंप्युटरने केल्या, सगळ्यांच्या आयडी कार्डावरच्या पत्त्यांवरून. दोन आठवडे झाले. रविवारी नवी बस येईल तुमच्या दाराशी, काळजी नको. नकाशा म्हणजे आपला शोभेला."

"म्हणजे ही रेषा..."

"रेषा फार सुरेख हो! काय फिनिशिंग! आपल्या माणसाचं काम ते आपल्या माणसाचं." त्यांनी महादेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटोग्राफरला थांबायची खूण केली. "फक्त ही पट्टी सलमाबादपाशी जरा वाकडी बसलीय. तेवढी सरळ करून देता का, फोटोच्या आधी?"