मर्नाच्या ट्रेलरला किती गुण?

जेनेल ट्वेटने सभेत एकच प्रश्न विचारला होता: तुमच्या घराला वारा-पाण्याचा धोका किती? एक म्हणजे नाहीच, पाच म्हणजे भयंकर. सरासरी चारच्या वर गेली तरच राज्य सरकार ट्रेलरवस्तीत, म्हणजे पाया नसलेल्या डब्यासारख्या घरांच्या वस्तीत, काँक्रीटचा निवारा बांधून देणार होतं. त्या वस्तीत एकाही घराला तळघर नाही. टॉर्नेडो आला तर पळायचं कुठे?

जेनेल ही काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, आपत्ती विभागाची प्रमुख, आणि सगळा विभागही तीच. सभा ल्युथरन चर्चच्या तळघरात भरली होती. मी धान्याच्या सोसायटीचा हिशेबनीस, म्हणून बेरीज माझ्याकडे.

"मर्ना, तुमच्यापासून सुरुवात करू."

मर्ना श्टूर ट्रेलरमध्ये एकटी राहते. वय एक्याऐंशी.

"दोन लिही."

"दोन? अहो, मे महिन्यात वाऱ्याने तुमचं अख्खं घर सरकवलं!"

"फार नाही गं, झुडपांपर्यंतच. उलट आता स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं."

जेनेल अग्निशमन दलाच्या डेल्मर वोसबर्गकडे वळली. "डेल्मर, तुमच्या घरात नदी दोनदा शिरली."

"शिरली, पण लगेच गेलीही. दोनच लिही. तीन म्हटलं तर लोकांना वाटेल, हा मिरवतोय."

सरासरी दोनच्याही खाली आली, कारण एकाने चक्क एक दिला. गारांनी फुटलेलं त्याचं छप्पर अजून ताडपत्रीखाली होतं. आमच्याकडे स्वतःच्या संकटाबद्दल बोलणं म्हणजे जेवताना दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं.

जेनेलने पेन आपटलं. "कॉफी घ्या. मी बाहेर जाऊन जरा ओरडून येते."

ओरडली नसणारच, तीही इथलीच.

कॉफीच्या टेबलाशी डेल्मर माझ्या कानाला लागला. "मर्नाचं काही खरं नाही हं. वारा सुटला की डोक्यावर गादी घेऊन बाथटबमध्ये बसते."

तो गेला तशी मर्ना आली. "त्या डेल्मरला कुणीतरी समजवा. नदीचा बांध पोकळ झालाय आणि हा त्याच्याखाली घोरतो."

मी बाहेर जाऊन हे जेनेलला सांगितलं. ऐकताच ती तरातरा आत गेली.

"आता स्वतःबद्दल कुणी बोलायचं नाही. शेजाऱ्याचं सांगा!"

"मर्नाला पाच," डेल्मर म्हणाला. "सहा असतील तर सहा दे."

"मला पाच? आणि तुला रे? जेनेल, याला पाच लिही आणि खाली रेघ मार!"

त्या तळघरात इतक्या मोठ्या आवाजात कुणी कुणाची काळजी केलेली मी ऐकली नव्हती. सरासरी साडेचारच्या पुढे गेली.

हिवाळ्यात पैसे मंजूर झाले. जागा मर्नाच्या ट्रेलरशेजारची, रिकामी. शेजारीण म्हणून फक्त तिची संमती हवी होती. जेनेल मला साक्षीला घेऊन तिच्याकडे गेली.

"माझ्या एकटीसाठी एवढा खर्च कशाला?" मर्नाने आमच्यापुढे केक ठेवला. "शाळेजवळ बांधा."

"शाळेला तळघर आहे, मर्ना."

"मग डेल्मरला द्या."

"डेल्मर म्हणतो, तुम्हाला द्या! आणि हा निवारा वाऱ्यासाठी आहे, पुरासाठी नाही!"

"मग दुसऱ्या काउंटीला द्या. तिकडच्या लोकांचे फार हाल असतात म्हणे."

जेनेल उठलीच. "राहू दे! पैसे परत करते. नाहीतरी वारा सुटल्यावर सगळ्या वस्तीसाठी दार उघडणार कोण? किल्ली सांभाळणार कोण? भेदरलेल्या माणसांना कॉफी कोण देणार? माझ्याकडे माणूस आहे कुठे?"

मर्ना ताठ बसली.

"माणूस नाही म्हणजे? मी काय मेले?"

"तुम्ही? तुम्ही म्हणता तसं शाळेजवळ बांधलं, तर शाळेपर्यंत कशा जाणार?"

"शाळेपर्यंत कशाला? इथे बांध, माझ्या दाराशी! या वयात मी काय वाऱ्यात पळत सुटू?" मर्ना माझ्याकडे वळली. "शिकलेली पोर, पण एवढी साधी गोष्ट सुचू नये हिला!"

जेनेलने सहीसाठी कागद पुढे केला.