फिप्सचा भोंगा

तेलेस्फोरोने पलंगाखाली हात घालून चाचपलं. बूट तिथे नव्हते. दाराआड नव्हते, मागे कोंबड्यांच्या खुराड्यावरही नव्हते.

"शोधू नकोस, म्हाताऱ्या," देल्फिना चुलीपाशी बसून म्हणाली. "चारला माणूस येतोय. अनवाणी किती लांब पळतोस ते बघतेच मी."

पळायचं कुठे, नुसतं कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो, असं तो पुटपुटला. त्यावर ती म्हणाली की निरोप येऊन नऊ दिवस झाले आणि नऊ दिवस तुला कोपऱ्याचीच ओढ लागली आहे. दुसरा कुठलाही जुना खेळाडू येणार असता तर तू इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून दारात उभा असतास. हे खरं होतं, म्हणून तो पलंगावर बसला.

येणारा होता एडविनो फिप्स. चाळीस वर्षांनी न्यूयॉर्कहून गावी आला होता, आणि भोंगेवाल्या उस्तादाला भेटायचंय एवढाच त्याचा निरोप होता.

साखर कारखाना कधीच बंद पडला. पण तो चालू होता तेव्हा तेलेस्फोरो बॉयलरवर होता, आणि बॉयलरच्या मचाणावरून मैदानाची डावी बाजू कुंपणापर्यंत दिसायची. गावाच्या बेसबॉल संघाचं नाव बगळे. बगळ्यांपैकी कुणी चेंडू कुंपणापार धाडला, होम रन झाला, की तेलेस्फोरो भोंग्याची दोरी ओढायचा. प्रत्येकाचा भोंगा वेगळा. कप्तान एलिगिओचे दोन आखूड, दार ठोठावल्यासारखे. बुटक्या तोन्योचा एकच, पण मध्येच अडकणारा, कारण तोन्यो तोतरा होता. तो ऐकून सगळ्यांत जास्त हसायचा तोन्योच. भोंगा झाला की उसात कोयते थांबायचे, नदीवर धुणी थांबायची, आणि रानातून रानात नाव जायचं: तोन्योचा, तोन्योचा.

त्या संघातले आता दोघंतिघंच उरले होते. पण उन्हं कलली की तेलेस्फोरो ओट्यावर बसून ते सारे भोंगे ओठांनी वाजवायचा. देल्फिना लग्नानंतर दुसऱ्या गावाहून आलेली. तिने एकाचाही खेळ पाहिला नव्हता, तरी झोपेत उठवून विचारलं तर कुणाचा भोंगा कुठला ते सांगितलं असतं.

"या पोरांनी मला काय दिलं, तुला नाही कळायचं," तो तिला म्हणायचा. "बारा बारा तास आगीपुढे उभा असायचो. ही पोरं नसती तर मी नुसता घाम होतो."

एकच भोंगा तो वाजवत नसे.

फिप्स पायाचा चपळ, हाताचा पक्का, पण बॅट हलकी, चेंडू कुंपणापार कधीच नाही. तरी तेलेस्फोरोने त्याच्यासाठीही एक भोंगा ठरवून ठेवला होता: आधी आखूड, मग चढता, मग हळूच उतरणारा. फिप्सची आई, मिस आयव्ही, लहान बेटांवरून आलेल्या काळ्या लोकांतली, कारखान्याच्या फाटकाशी तळलेल्या रोट्या विकायची. तिने उस्तादाला बोलावून तो भोंगा तोंडाने तीनदा वाजवून घेतला. पाठ झाल्यावरच रोटी दिली. दोन हंगाम ती वाट पाहत राहिली. तोही.

मग अंतिम सामना, शेवटचा डाव. बगळे एका धावेने मागे, एक गडी बाद, दुसऱ्या बेसवर एलिगिओ. फिप्सने फटका मारला. चेंडू उंच गेला, डावीकडे गेला, आणि मचाणावरून पाहणाऱ्याला तो कुंपणापार झालेलाच दिसला. तेलेस्फोरोने दोरी ओढली. भोंगा ऐकून एलिगिओने दोन्ही हात वर केले आणि तो रमतगमत शेवटच्या बेसकडे, होमकडे निघाला. चेंडू पडला तो कुंपणाला पाठ लावून उभ्या असलेल्या पोराच्या हातमोज्यात. तिथून तो दुसऱ्या बेसवर आला; झेल झाला की धावणाऱ्याने आपल्या बेसवर परतायचं असतं, आणि एलिगिओ मध्येच. दोघंही बाद, म्हणजे तीन पूर्ण. सामना संपला.

तेव्हापासून कुणी त्याला त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. दुसऱ्याच्या कानाच्या लांबीवरून वर्षभर चिडवणारं हे गाव, या एका गोष्टीवर मुकं. कुणी शिवी हासडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. अकरा वर्षांपूर्वी एलिगिओ गेला तेव्हा तो शवपेटीच्या मागे, सगळ्यांच्या शेवटी चालला होता.

फिप्स काठी टेकत आला. केस कापसासारखे. खुर्चीत बसला, कॉफी घेतली, गुडघे, न्यूयॉर्कची थंडी, धुलाईच्या कारखान्यातली तीस वर्षं, सगळं सांगून झालं. तेलेस्फोरो आपल्या अनवाणी पावलांकडे बघत हुं हुं करत राहिला. शेवटी तोच म्हणाला,

"पार गेला असं वाटलं मला. शपथ."

"मलाही वाटलं, उस्ताद. पहिल्या बेसपर्यंत मीही आरामातच चाललो होतो." फिप्स हसला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "त्या दिवशी जेवायला का नाही आलात?"

तेलेस्फोरोने मान वर केली.

भोंगा घरी मिस आयव्हीने ऐकला होता. तिने कोंबड्या कापल्या, तिन्ही. शेजारणींना हाका मारल्या, मोठं पातेलं चढवलं. सामना हरल्याचं तिला नंतर कळलं, पण त्याने काय बिघडतं? पोराचा चेंडू पार गेला होता. तिने कानांनी ऐकलं होतं. फिप्स खाली मान घालून घरी आला, तर अंगणात फळ्या टाकून टेबल मांडलेलं. त्याच्या मागोमाग सगळा संघ आला, सांत्वनाला.

"एलिगिओ सगळ्यांत पुढे होता," फिप्स म्हणाला. "आत एकदा डोकावला. मग दारात आडवा उभा राहिला आणि पोरांना म्हणाला, बाई खुशीत आहे. आजचा भोंगा खरा. याउपर ज्याच्या तोंडून त्या झेलाचं नाव निघेल, त्याने माझ्या संघात यायचं नाही."

देल्फिना भांडं हातात घेऊन उंबऱ्यात थांबली होती.

"रात्रीतून गावभर झालं ते. दीड वर्षाने आई गेली. तोवर फाटकाशी गिऱ्हाईक आलं की आधी तोंडाने भोंगा, मग रोटी. तुम्ही तेवढे त्या फाटकाने येईनासे झालात. कुणी म्हणजे कुणी तिला सांगितलं नाही. पुढे मी परदेशी गेलो, बाकीच्यांना गप्प राहायची सवयच झाली असणार. मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच आहे." त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुमचे आभार मानायला आलोय, उस्ताद. मी जन्मात एकही होम रन मारला नाही. तिने मात्र एक ऐकला."

तेलेस्फोरोने तळहाताने गुडघा चोळला, दुसरा चोळला. मग घसा खाकरून विचारलं की मला कुणी बोलावणं का धाडलं नाही.

"धाडलं होतं. बॉयलरवर तुम्ही नव्हता, घरी कडी. आईने तुमचं ताट वाढून ठेवलं. चांगली तंगडी होती त्यात."

"मग? वाया गेलं?"

"वाया कसं जाईल? एलिगिओने खाल्लं."

तेलेस्फोरोने डोळे मिटून मान हलवली.

"बरं केलं," तो म्हणाला. "त्याचंच होतं ते."