गाठीपुढची ओळ

मी एक वही बोलतेय, आणि रागावून बोलतेय. गोड बोलणारी वही हवी असेल तर दुकानात कोऱ्या वह्या पुष्कळ आहेत. त्यांच्यात अजून कोणी काही लिहिलेलं नाही, त्यांना गोड राहायला काय जातं?

माझा जन्म वह्या बांधण्याच्या कारखान्यात झाला. रेघा मारताना कागद जरासा तिरका सरकला आणि माझ्या दोनशे पानांवरच्या सगळ्या रेघा उजवीकडे उतरत्या झाल्या. दुकानदारानं मला ढिगाच्या तळाशी दाबून ठेवलं होतं. तिथून मला उचललं ते एका हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या बाईनं. तिनं रेघांकडे बघितलं आणि स्वतःशीच म्हणाली, "असू दे. मी हात सरळ ठेवीन." तेव्हापासून मी तिची.

तिचं काम म्हणजे फाटक्या चादरी सांधणं, उशांच्या अभ्र्यांना टीप मारणं. चादर हातात आली की ती आधी उलटी करते. "वरून सगळंच बरं दिसतं, टाके आतून बघावेत," असं ती म्हणते. कादंबऱ्याही ती अशाच वाचते. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की पुस्तक उघडायचं, आणि पुस्तक संपलं की मला उघडायचं.

आणि काय एकेक लिहिते! घड्याळजींच्या घराण्यावरच्या एका जाडजूड कादंबरीबद्दल लिहिलं, "पहिली नव्वद पानं नुसता पाऊस. माणसं भिजायला तरी कधी येणार?" दुसरीत नायकाला शहाणपण यावं म्हणून त्याची बायको खोकून खोकून मरते. तिथे लिहिलं, "बाई नकोशी झाली की लेखक तिला आजारी पाडतो. मी हॉस्पिटलात काम करते. इतक्या सोयीनं कोणी मरत नाही." आणि एका नावाड्याच्या विधवेची बारकीशी कादंबरी आहे, ती तिनं नऊ वेळा वाचली. तिच्यापुढे एवढंच, "हिला उलटी करून पाहिली. आतूनही तशीच."

तिची आणखी एक खोड होती. एखाद्या कादंबरीचा शेवट पटला नाही, तर ती तो माझ्यात नव्यानं लिहून काढायची. चादरीला ठिगळ लावताना जुनं कापड संपून नवं जिथे सुरू होतं तिथे ती एक बारीक फुलीची गाठ मारते, म्हणजे पुढे उसवणाऱ्याला कळावं. माझ्यातही तेच. लेखकाचं संपलं की पेनानं छोटी फुलीची गाठ काढायची आणि तिच्यापुढे स्वतःचा शेवट लिहायचा. ती गाठ ओळखणारं दुसरं कोणी वाचेल, असं तिच्या मनातही नव्हतं.

पण वाचणारा घरचाच होता. तिचा थोरला भाऊ. कॉलेजात शिकवतो, आणि दर रविवारी वर्तमानपत्रात नव्या पुस्तकांवर लिहितो. आईला भेटायला म्हणून यायचा, चहा होईपर्यंत मला चाळायचा आणि फोन काढून माझ्या पानांचे फोटो घ्यायचा. ती स्वयंपाकघरातून बघायची आणि वेडी खूश व्हायची. "आई, दादा माझी वही वाचतोय गं!" मला तेव्हाच ओरडावंसं वाटत होतं. पण वहीला तोंड नसतं, असतात ती नुसती पानं.

मग एका सोमवारी कपड्यांच्या खोलीत तिच्या जोडीला काम करणाऱ्या म्हातारीनं रविवारचं वर्तमानपत्र उघडलं. म्हातारीच्या कमरेला सतत कात्री लटकलेली असते, म्हणून सगळे तिला कात्रीमावशी म्हणतात. मावशी मोठ्यानं वाचायला लागली, "'बाई नकोशी झाली की लेखक तिला आजारी पाडतो...' अगं, हे तर तू मागे जेवताना मला वाचून दाखवलंस! आणि खाली नाव तुझ्या भावाचं कसं?"

सुईत दोरा ओवायला माझ्या मालकिणीला चार वेळा प्रयत्न करावा लागला.

घरी तिनं विचारलं, "दादा, ते वाक्य माझं होतं ना?"

"अगं, घरातलंच आहे. तुझं-माझं काय करतेस?" तो हसून म्हणाला. "आणि तुझ्या नावानं कोण छापणार होतं? चादरी शिवणाऱ्या बाईचं मत कोण वाचतं?"

आई म्हणाली, "जाऊ दे ना. त्याचं नाव होतंय तर होऊ दे."

आणि ही बया झाली की गप्प! तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. मला भावाचा जितका राग आला तितकाच हिचा आला. छप्पन्न लेखकांच्या चुका काढते आणि सख्ख्या भावापुढे जीभ टाळ्याला चिकटते. वर्षभर तो आयत्या पिठावर रेघोट्या ओढत राहिला. लोक त्याच्या 'तिरकस नजरेचं' कौतुक करत राहिले. तिरक्या होत्या त्या माझ्या रेघा!

मग ती दीपगृहाची कादंबरी आली. दीपगृहाच्या राखणदाराला दिसेनासं होतं आणि त्याची मुलगी वीस वर्षं गुपचूप दिवा सांभाळते. मानपत्र मात्र बापाला मिळतं. शेवटच्या पानावर ती बापाचे पाय चेपत म्हणते, "दिवा तुमचाच आहे, बाबा." माझ्या मालकिणीनं लिहिलं, "एवढी धीट मुलगी शेवटच्या पानावर लेखकाला घाबरली." मग गाठ काढली, आणि पुढे लिहिलं: मुलगी बापाच्या हातात किल्ली ठेवते. "आज तुम्ही लावा," म्हणते, जिना उतरते आणि होडीत बसते. समुद्रातून मागे वळून बघते. दिवा लागलेला नसतो. ती वल्हवत राहते.

हे लिहिताना पहिल्यांदाच माझ्या तिरक्या रेघेवर तिची अक्षरं घसरली.

भावानं फोटो काढला, नेला, छापला. "दिवा न लागण्याचा हा शेवट वाचून मी दोन दिवस सुन्न होतो." सुन्न! पुस्तकाची घडीही मोडली नव्हती त्यानं!

आठवडाभरात वाचकांची पत्रं आली. असा शेवट कादंबरीत कुठेच नाही, तुम्ही पुस्तक वाचता की नुसतं हुंगता? खुद्द कादंबरीकारानं लिहिलं, "हा शेवट कोणत्या कादंबरीचा आहे ते कृपया कळवावे. मलाही ती वाचायची आहे." संपादकानं भावाकडे खुलासा मागितला.

तो आला तो बूट न काढताच. "वेडी आहेस का तू? असं खोटं कोण लिहून ठेवतं?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

"मी लोकांसाठी लिहिलं नव्हतं, दादा."

"मग खूण तरी करायचीस!"

"केली होती." तिनं बोट ठेवलं. "ही."

"ही? मला वाटलं, नक्षी आहे." त्यानं कपाळाला हात लावला. "हे बघ, मी लिहितो की छापण्याआधीची प्रत माझ्याकडे आली होती, तिच्यात हा शेवट होता. कोणी काही विचारलं तर तू बोलायचं नाहीस. आणि हे पान राहायला नको."

आणि त्यानं ते फाडलं. टर्रकन. वहीचं पान फाडलं की फक्त तेवढंच जात नाही, जोडीचं दुसरं पानही सैल होतं. माझं ते दुसरं पान म्हणजे नावाड्याच्या विधवेचं.

तिनं हात पुढे केला. "पान दे."

"अगं, माझी इतक्या वर्षांची इभ्रत आहे..."

"पान दे, दादा."

तो आईकडे बघायला लागला. आई दारात उभी होती. ती आता याचीच बाजू घेणार, असं मी धरूनच चालले होते. आई म्हणाली, "दे तिचं तिला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं चादरींच्या पांढऱ्या दोऱ्यानं ते पान मला परत शिवलं. कात्रीमावशीनं दोरा कापून दिला. सुई टोचली तेव्हा दुखलं, पण तक्रार नाही. मग भावाचा तो खुलासा छापून आला, तेव्हा तिनं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. चार ओळींचं. "छापण्याआधीची प्रत वगैरे काही नाही. तो शेवट माझा आहे, आणि वर्षभरातली बरीच वाक्यंही. कादंबरीकारांना न विचारता त्यांचा शेवट बदलला म्हणून मी त्यांची माफी मागते. पण शेवट मागे घेत नाही." खाली पूर्ण नाव, आणि त्याखाली 'कपडे विभाग, शिवणकाम'.

भावाचं रविवारचं सदर बंद झालं. तो आता घरी येत नाही, आणि आई संध्याकाळी दाराकडे बघत बसते. तेव्हा माझी मालकीणही पुस्तकावरून नजर उचलते. हे लपवून मला थोरपणा मिरवायचा नाही.

पत्र छापून आलं. चारही ओळी आल्या, कानामात्राही न बदलता. फक्त खालचं नाव काढून तिथे घातलं होतं: 'एक वाचक भगिनी'.

बघा! एका भावानं घेतलं होतं, आता सगळ्या गावानं तिला बहीण करून टाकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणजे शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत. कात्रीमावशीनं तर अशी शिवी घातली की ती लिहून ठेवायला माझ्यात धीर नाही.

ती मात्र शांतपणे उठली. कात्रण कापलं आणि माझ्या शेवटच्या पानावर चिकटवलं. 'एक वाचक भगिनी' या शब्दांच्या पुढे तिनं पेनानं एक छोटी फुलीची गाठ काढली. छापणाऱ्यांचं इथे संपलं, तिचं इथे सुरू. आणि गाठीपुढे तिनं स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण. ठळक. तिरक्या रेघेवर अगदी सरळ.

मी आता भरले आहे. तिच्या पिशवीत नवी वही आली आहे, सरळ रेघांची, बिचारी. मी कपड्यांच्या खोलीत, अभ्र्यांच्या गठ्ठ्याशेजारी फळीवर असते. ज्याला वाचायचं असेल त्यानं खुशाल यावं. पण ती तिथेच मशीनवर बसलेली असते. मला हात लावण्याआधी तिला विचारा, आणि विचारताना तिला नावानं हाक मारा.