वाळवीची पुस्तके

पितांबर भिरूड पुण्याला जाऊन ग्रंथपालाचा चार महिन्यांचा वर्ग करून आला आणि तेव्हापासून त्याची जीभ बिघडली. म्हणजे तसं वाईट काही नाही हो, नुसती शुद्ध झाली. नशिराबादच्या घरी आई 'उधई' म्हणाली की हा म्हणायचा, "आई, वाळवी म्हण." आई म्हणायची, "नाव बदललं म्हणजे ते लाकूड खायाचं सोडीन काय?" पण ऐकतो कोण!

जळगावातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्याचं हे सहावं वर्ष. सहाही वर्षं हंगामी. मुलगी बघायला गेला की मुलीचा बाप पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी विचारायचा, "कायम आहात का?" हा पोहे खाऊन परत. अशा पाच घरचे पोहे झाले होते.

अशात चोपन्न सालच्या एप्रिलात विद्यापीठाचं परिपत्रक आलं. प्रत्येक ग्रंथालयाने ग्रंथजतनाची योजना आखावी, मे महिन्यात तपासनीस येतील, त्यांच्या शेऱ्यावर ग्रंथपालाची जागा कायम करायची की नाही ते ठरेल. पितांबरने चाळीस पानांची योजना लिहिली. तिच्यात काय नव्हतं? धूळ होती, झुरळं होती, उंदीर होते, वाचकांचे तेलकट हात होते. आणि शेवटी तपासनिसांचे डोळे दिपवायला एक कार्यक्रम होता : 'रोगट ग्रंथांचे मान्यवरांच्या उपस्थितीत दहन'. कीड पसरू नये म्हणून. हे कलम मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. मोठ्या माणसांनी गुपित राखायचं असतं, अशी त्याची समजूत.

ग्रंथालयात शिपाई एकच, हिलाल. पिंपळनेरकडचा, चाळिशी उलटलेला, चौथी शिकलेला. वाचताना प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायचा. इतकी वर्षं पितांबर त्याला तोंडानेच काम सांगायचा, पण आता योजना होती ना! योजनेत हुकूम लेखी लागतो. त्याने झोकात लिहिलं, 'वाळवीची पुस्तके वेगळी काढून गच्चीवर न्यावीत.' खाली सही केली, तारीख टाकली आणि स्वतः योजनेची सुवाच्य प्रत काढायला बसला. चार दिवस मान वर केली नाही.

तपासनीस आठल्येसाहेब धुळ्याची तपासणी आटोपून सकाळच्या गाडीने उतरले. वाळका, तिरसट म्हातारा. नमस्कारालाही त्यांनी मानेनेच उत्तर दिलं.

"धुळ्यात मला एकही वाळवी दिसली नाही," ते टांग्यात म्हणाले. "कुठे लपवली होती तेवढंच कळलं नाही. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे थेट कारवाई, साहेब! आधी गच्चीवर चलावं, ऊन चढायच्या आत."

गच्चीवर धोतराच्या जुन्या पानांत बांधलेली सात बोचकी ओळीने ठेवली होती. पितांबरची छाती फुगली. शाबास हिलाल! त्याने स्वतः रॉकेल शिंपडलं, दोन वाक्यांचं भाषण केलं आणि काडी ओढली.

"ओ भाऊ!" हिलाल चहाचा ट्रे घेऊन जिना चढत होता. ट्रे तिथेच आपटून तो धावला आणि फुंकर मारून त्याने काडी विझवली. "येड लागनं का तुम्हले? चार दिन वाळाडी मी ती पुस्तकं! वावटळ उनी म्हणीसन आज बांधी ठेवी, तर तुम्ही जाळी ऱ्हायनात?"

"वाळवली? अरे, वाळवीची ना ही?"

"मंग? तुम्हीच लिखेल शे ना, वाळवीची! पानीनी टाकीना भितडाजोडेना कपाटमा जी वल्ली व्हती, ती बठ्ठी वाळवी."

पितांबरने एक बोचकं सोडलं. वर रिखबचंद शेटजींनी देणगी दिलेली हस्तलिखितं होती. उभ्या खानदेशात दुसरी प्रत नाही अशी. सुकून खुळखुळीत, पान न् पान शाबूत. फक्त आता घासलेटाचा वास मारत होती.

"आणि ती किडीने खाल्लेली?" त्याने कसंबसं विचारलं.

"उधईवाली? त्या त कोरड्याठक्क शेतस. त्यासले कसाले वाळवू? कपाटमाच शेतस."

पितांबरला वाटलं, जिना उतरावा आणि सरळ नशिराबादची वाट धरावी. आठल्येसाहेबांनी मात्र एक हस्तलिखित हुंगलं, घासलेटाच्या वासाने नाक मुरडलं आणि म्हणाले, "ओल कपाटामागच्या पाण्याच्या टाकीची. कीड तिथूनच चढणार. पुस्तकं आधी वाळवायची हे बरोबरच सुचलं. कोणाचा विचार? तुमचा?"

आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर! हिलाल खाली मान घालून फुटक्या कपबश्या गोळा करत होता. तो काही बोलणार नव्हता, हे पितांबरला पक्कं ठाऊक होतं. सहा वर्षं गेली, पाच घरचे पोहे गेले, आणि समोर एक अक्षर.

"नाही, साहेब," पितांबर म्हणाला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. "मी तर ती जाळणार होतो. टाकी माझ्या चाळीस पानांत कुठेच नाही. वाळवीला आमच्याकडे उधई म्हणतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण कागदावर तसं लिहायची लाज वाटली."

आठल्येसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"वाळवी लपवणारे ग्रंथपाल मला गावोगाव भेटतात," ते म्हणाले. "स्वतःच्या तोंडाने दाखवणारा तुम्ही पहिलेच. कायम करायला माझी हरकत नाही. पण ती टाकी आठ दिवसांत हलली पाहिजे, आणि हुकूम यापुढे या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही."

पितांबरला रडू आवरेना. हिलालचे दोन्ही हात धरून तो म्हणाला, "हिलालभाऊ, तुमचे उपकार कसे फेडू? मागा, काय हवं ते मागा!"

हिलालने रॉकेल ठिबकणाऱ्या बोचक्यांकडे एकदा बघितलं, मग पितांबरकडे.

"काही नको, भाऊ," तो म्हणाला. "ती काडीपेटी तेवढी माले दी टाका."